गिड्डअण्णाचा एडका

गिड्डअण्णाच्या सत्कारात मी त्याला चोवीस इंची सायकल भेट दिली.

यात काय चुकलं हे ज्याला कळलं नसेल त्याच्यासाठी सांगतो. गिड्डा म्हणजे कानडीत बुटका, आणि आमच्या बिदरजवळच्या औरादकडं मराठी बोलणारी माणसंही बुटक्याला गिड्डाच म्हणतात. अण्णा शेजारी उभा राहिला की त्याची टोपी माझ्या शर्टाच्या खिशाशी यायची. चोवीस इंची, म्हणजे सगळ्यांत उंच सांगाड्याच्या सायकलचा दांडा त्याच्या बेंबीला भिडायचा. अशा माणसाला मी भर मांडवात, हार घातलेली, रिबीन बांधलेली, घोड्याएवढी सायकल दिली. मी हायस्कुलात आयुष्यभर गणित शिकवलं, हेही इथंच सांगून टाकतो, म्हणजे पुढं कुणाला धक्का बसणार नाही.

अण्णा मेंढरं कातरायचा. चिंताकी गावाच्या पलीकडं त्याचं घर. पण घरी तो कमीच सापडायचा. ज्या शिवारात धनगरांचा कळप बसला असेल तिथं हा कातर घेऊन हजर. एका गुडघ्याखाली मेंढी दाबायची, तिच्याशी हळू आवाजात कानडी बोलायचं आणि सदरा उतरवावा तशी लोकर उतरवायची. मेंढीशी कानडी, माझ्याशी मराठी आणि लोकर घ्यायला येणाऱ्या बेपाऱ्याशी दखनी. मी एकदा विचारलं, ‘मेंढीशी कानडीच कामून रे?’ तर म्हणाला, ‘तिला मराठी कळत न्हाई. तुमच्या पोरांला गणित कळत न्हाई, तसंच.’

त्याची एक सवय गावाला माहीत होती. तो कुणाच्या गाडीवर मागं बसायचा नाही. ऊन असो, चिखल असो, मोटारसायकलवाला थांबून विनवायचा, ‘अण्णा, बस की!’ अण्णा मान हलवायचा. मी खोदून विचारलं तेव्हा म्हणाला, ‘मागं बसलं की लोक गाडीवाल्याला इचारत्यात, पोरगं कितवीत हाय म्हणून.’ मी हसलो. तो हसला नाही. माझं हे नेहमीचंच. विनोद कुठं संपला ते मला सगळ्यांत शेवटी कळतं.

आमच्या पिढीला कैची ठाऊक आहे. दांड्याखालून पाय घालायचा, कमरेत वाकायचं आणि अर्धं अर्धं पायडल मारत सायकल हाकायची. पोरं तशीच शिकतात. मग एक दिवस दांड्यावरून टांग टाकतात आणि मोठी होतात. अण्णाच्या नशिबी तो दिवस आलाच नाही. मिसरूड फुटलं तरी कैची. मुलगी बघायला गेला तोही थोरल्या भावाच्या सायकलवर कैची मारत. त्याची बायको, तिला आम्ही सगळे अक्का म्हणतो, ही गोष्ट त्याच्या तोंडावर सांगायची. ‘मला वाटलं, नवरदेवाचा धाकला भाऊ निरोप घिऊन आलाय. चहा बी म्या त्याला बशीतच दिला.’ अक्का त्याच्याहून वीतभर उंच. ती गोष्ट संपेपर्यंत अण्णा चुलीकडं तोंड करून बसायचा, आणि मला वाटतं, थोडा खूशही असायचा.

लेडीज सायकल घे म्हणणारे पुष्कळ भेटले. त्यानं घेतली नाही. मग लोकर पोचवायला बिदरला गेला असताना, एका दुरुस्तीच्या दुकानाबाहेर त्याला ती दिसली. जुनी, रेसिंगची. कुणी एक बुटका साहेब बदली होऊन जाताना टाकून गेला होता. कितीतरी दिवस तशीच पडून होती, कारण कुणाच्या मापातच बसत नव्हती. सांगाडा एवढासा, की पुढं हँडलाखाली वरची नळी आणि खालची नळी एकमेकींना जवळजवळ टेकलेल्या. हँडल दोन्हीकडं खाली वळलेलं, मेंढ्याच्या शिंगांसारखं. अण्णानं दांड्यावरून टांग टाकली. दोन्ही पाय जमिनीला टेकले. दांडा कुठंच लागला नाही. तो कितीतरी वेळ नुसताच तसा उभा राहिला, असं दुकानदार पुढं लोकांना सांगायचा.

‘तवा कळलं गुरुजी,’ अण्णा म्हणायचा, ‘कुठंतरी कारखान्यात बसून एका माणसानं माझ्यासारख्याचा इचार केलता. आपल्याकडं तर देवानं बी केला न्हाई.’

सायकलचं नाव त्यानं एडका ठेवलं. शिंगांमुळं. नळ्यांना लोकरीतलं मेण चोळायचा, त्यामुळं त्या सायकलला कायम मेंढीचा वास यायचा. कातर कापडात गुंडाळून हँडलाला, मागं घोंगडं, आणि अण्णा वाऱ्याला डोकं देऊन निघाला की लांबून खरंच वाटायचं, एक एडका दुसऱ्या एडक्यावर बसून टक्कर द्यायला चाललाय. औरादच्या बाजारात कुणीतरी हटकून ओरडायचं, ‘काय अण्णा, नातवाची सायकल आणली व्हय?’ यावर त्याचं एकच उत्तर ठरलेलं. थांबायचा, उतरायचा, आणि बोट दाखवायचा. ‘चाक बघ. चाक मोठ्या माणसाचं हाय.’ आणि होतंही तसंच. सांगाडा लहान असला तरी चाकं पूर्ण मापाची होती. हसणारा गप्प व्हायचा की नाही ठाऊक नाही. अण्णाचं मात्र समाधान व्हायचं.

आता माझ्याकडं येतो. निवृत्त झाल्यावर काही लोक बाग करतात, काही देव करतात. मी सत्कार करतो. आमच्या मित्रमंडळाचा मी सचिव. दरसाल दसऱ्याच्या सुमारास एका कष्टकरी माणसाला पकडायचं, शाल-नारळ द्यायचा आणि त्याच्यासमोर आम्ही तासभर एकमेकांची स्तुती करायची. त्या वर्षी अण्णा. नुसती शाल काय द्यायची, काहीतरी कामाची वस्तू देऊ, ही कल्पना माझी. सायकल देऊ, ही कल्पना माझी. वर्गणी कमी पडत होती आणि औरादच्या सायकल दुकानावर ‘जुनी द्या, नवी न्या’ अशी पाटी होती. ती वाचून जी कल्पना सुचली तीही माझीच. कल्पनांची मला कधीच टंचाई नव्हती.

आदल्या दिवशी अण्णा कळपावर गेला होता. कळप जवळच्याच माळावर होता म्हणून पायी गेला होता. मी घरी जाऊन अक्काला म्हणालो, ‘एडका द्या जरा. तेलपाणी करून आणतो.’ तिनं पदरानं सीट पुसून सायकल माझ्या हातात दिली. मी ती दुकानात दिली. अण्णाला आश्चर्याचा धक्का द्यायचा होता.

दिला.

शाळेच्या मैदानात मांडव होता. अण्णाला फेटा बांधला, तो जरा मोठाच झाला. भाषणं झाली. मीही बोललो, ‘उंची शरीराची नसते, कर्तृत्वाची असते’ असं एक वाक्य मी रात्रभर पाठ केलं होतं. मग पडदा ओढून नवी सायकल पुढं आणली. टाळ्या. पाहुणे म्हणाले, ‘अण्णा, एक चक्कर मारून दाखवा, फोटो घेऊ.’ अण्णा सायकलकडं बघत राहिला. मग माझ्याकडं बघितलं. मी हातानं खूण केली, चला चला.

त्यानं टांग टाकून बघितली. धोतर दांड्यात अडकलं. पुन्हा बघितली. आणि मागून आवाज आला, ‘कैची मार, अण्णा!’ मग सगळ्या मैदानानंच ते धरलं. कैची, कैची. पाहुणेही हसत होते. प्रेमानंच हसत होते, हे सगळ्यांत वाईट. माणसं वाईट असती तर तो सायकल टाकून निघून गेला असता. त्यानं शाल सावरली, फेटा सावरला, आणि पांढऱ्या मिशांचा तो माणूस दांड्याखालून पाय घालून, कमरेत वाकून, अर्धं अर्धं पायडल मारत मैदानाला फेरी घालून आला. लोकांनी मोबाइलवर घेतलं. ते अजून फिरतंय. खाली हसून डोळ्यांत पाणी आलेले चेहरे टाकतात लोक.

उतरल्यावर त्यानं सायकल स्टँडवर लावली आणि मला हळूच विचारलं, ‘गुरुजी, माझा एडका कुठं हाय?’

‘दिला की. दुकानात. त्याच्या बदल्यातच तर ही आली.’

‘व्हय?’ तो म्हणाला. नंतर जेवणाच्या पंगतीला बसला. पाहुण्यांचा मान राखून जिलेबीही घेतली.

दुसऱ्या दिवशी मी दुकानात पळालो. दुकानदार म्हणाला, ‘गेली की ती. जुन्या सायकली जमवणारा एक जण घिऊन गेला.’ त्या जमवणाऱ्याचा पत्ता लागून फोन करेपर्यंत महिना गेला. तो म्हणाला, ‘एवढ्या लहान सायकलवर बसणार कोण, सर? गिऱ्हाईकच मिळेना. शोभेसाठी एका ढाब्याला देऊन टाकली.’ शोभा हुमनाबादच्या हायवेला होती. नव्या पद्धतीचा ढाबा, काचेची दारं, बाहेर पुण्या-हैदराबादच्या गाड्या. मी एकटाच जाणार होतो. अण्णा म्हणाला, मीबी येतो. आम्ही बसनं गेलो.

एडका भिंतीवर होता. छताला लागून, पिवळाधमक रंगवलेला, चाकांत दिव्यांच्या माळा. भिंतीच्या लोखंडाला बसवायचा म्हणून खालची नळी कापून वेल्डिंग मारलं होतं. मी मालकाला सगळं सांगितलं. मालक भला माणूस. म्हणाला, ‘घिऊन जावा की काका, मला काय. पण आता ती चालायची न्हाई. भंगार हाय ते.’

अण्णा खाली उभा राहून मान मागं टाकून बघत होता. ‘एवढ्या वर कामून टांगलाय?’ एवढंच तो म्हणाला. शेजारी एक जोडपं फोटो काढत होतं. त्यातला पोरगा म्हणाला, ‘अरे, ये तो बच्चोंकी सायकल है.’ मी अण्णाकडं बघितलं. त्याचं बोट थोडंसं वर आलं. मग त्यानं हात मागं घेतला आणि खिशात तंबाखू शोधू लागला.

त्यानंतर तो पायी फिरला. मी नव्या सायकलची सीट पार खाली बसवून दिली; पण दांडा होता तिथंच होता. लेडीज सायकलचंही बोललो. म्हणाला, ‘तुमच्यासाठी घ्या.’ नवी सायकल विकून टाक म्हटलं, तर म्हणाला, ‘सत्काराची हाय. इकू कशी?’ ती अंगणात उभी राहिली. तिच्यावर कोंबड्या बसायच्या. कळप एका शिवारात किती दिवस थांबणार? अण्णा चालत पोचेपर्यंत मेंढरं पुढं गेलेली असायची. धनगर चांगले होते, ‘गाडीवर बसून ये अण्णा’ म्हणायचे. तो बसला नाही. मग मोटारसायकलवर कातरायची मशीन घेऊन फिरणारा एक जण आला आणि बोलावणी थांबली. अण्णाच्या पायांवर सूज आली. तो ओट्यावर बसून राहू लागला, माणसं येत-जात तिकडं बघत. मी गेलो की मला चहा पाजायचा, मला एकदाही काही बोलला नाही. बोलला असता तर मी निदान भांडलो असतो.

या उन्हाळ्यात अण्णा गेला.

तेरावं झाल्यावर मी अक्काकडं गेलो. ती ओट्यावर लोकर पिंजत बसली होती. मी समोर बसलो, घसा खाकरला, आणि तिला सांगितलं की मंडळाच्या वतीनं अण्णाची शोकसभा घेतोय. मैदानात मांडव घालू, पाहुणे बोलावू, आणि दरसाल त्याच्या नावानं सायकलच्या शर्यती घ्यायच्या अशीही एक कल्पना आहे. बोलता बोलता मला ती कल्पना फारच आवडू लागली होती.

अक्काचे हात थांबले नाहीत. तिनं वरसुद्धा बघितलं नाही.

‘गुरुजी,’ ती म्हणाली, ‘तो मेलाय. आता तरी त्याला तुमच्यापासून सुटू द्या.’