पिंपळे गुरवातले पाच गुरुवार

परभणीहून निघाले तेव्हा माझ्याबरोबर पाच नग होते. ज्वारीच्या पिठाची पिशवी, लोणच्याची बरणी, शेंगदाण्याच्या चटणीचा डबा, कपड्यांची बॅग आणि आमची पितळेची परात. परात कामून नेतीस, असं गल्लीतल्या तुम्ही सगळ्या जणींनी विचारून विचारून माझं डोकं खाल्लं. पण मुलाच्या घरी परात नसली तर मी भाकरीचं पीठ कशात मळणार होते? परत आल्यावर सगळं इत्थंभूत सांगायचं, असंही तुम्हीच बजावलं होतं. म्हणून हे लिहिते आहे.

निघण्याचं खरं कारण मात्र तेव्हा कुणाला सांगितलं नव्हतं. महेशच्या लग्नाला दोन वर्षं झाली. या दोन वर्षांत माझी सून अश्विनी माझ्याशी "हो आई"च्या पुढे बोलली नव्हती. जेवलीस का? हो आई. बरी आहेस का? हो आई. भांडण नाही, तक्रार नाही, काही नाही. तुम्ही म्हणाल, नशीबवान आहेस. पण बायांनो, जिच्या हातात मुलगा दिला ती आहे तरी कशी, हेच कळू नये? तेवढं कळल्याशिवाय परतायचं नाही, असं ठरवून मी महिनाभरासाठी बसमध्ये बसले.

बसने सकाळी नाशिक फाट्याला उतरवलं. वर पूल, त्याच्या वर आणखी एक पूल, आणि खाली मी, पाच नगांच्या मधोमध. महेश तिसऱ्या शिफ्टहून (रात्रभर काम करून) थेट मोटरसायकलवर आला. नगांकडे बघून म्हणाला, "आई, टेम्पो सांगू का?" शेवटी पिशव्या पुढे, बॅग मांडीवर आणि परात माझ्या पाठीला बांधून आम्ही पिंपळे गुरवात शिरलो. सिग्नलला शेजारचा रिक्षावाला म्हणाला, "मावशी, मागून कोणी धडकलं तरी काळजी न्हाई." मी म्हटलं, "म्हणूनच आणलीय."

पिंपळे गुरव म्हणजे इमारतीला इमारत लागलेली आणि प्रत्येकीच्या पायाशी दुकानं. चहा, मोबाइल, केस कापणं, पुन्हा चहा. महेश सातव्या मजल्यावर राहतो. लिफ्टमध्ये मी प्रत्येकाला गाव विचारायची. एका खेपेत लातूर, सोलापूर, जळगाव आणि चिपळूण भेटले. "मूळचे इथलेच" असं म्हणणारं कुणी त्या लिफ्टमध्ये मला महिनाभरात भेटलं नाही. ते लोक खाली स्वतःच्या बंगल्यात राहतात, त्यांना लिफ्ट लागत नाही.

घरात माणसं दोन आणि शिफ्टा तीन. दोघंही भोसरीकडच्या वेगवेगळ्या कंपन्यांत. महेश मशीनवर, आणि अश्विनी तयार झालेले सुटे भाग मोजून पास-नापास करते. एकाची शिफ्ट सुटते तेव्हा दुसरीची लागते. दोघं दारात भेटतात, किल्ली देतात, "भाजी झाकून ठेवलीय" एवढं बोलतात आणि संसार पुढे जातो. फ्रिजवर तारखांचा तक्ता लावला आहे. नवरा-बायको कधी भेटणार हे त्यात बघावं लागतं. मला हसू आलं आणि थोडं वाईटही वाटलं.

पहिल्या रविवारी मी लवकर आंघोळ करून, केस विंचरून बसले. रविवार म्हणजे सगळे घरी, मटणाचा रस्सा, गप्पा. नऊ वाजता बघते तर अश्विनी कामावर, महेश रात्रपाळी करून झोपलेला, आणि जागे फक्त मी आणि फ्रिज. संध्याकाळी महेश म्हणाला, "आई, आमच्याकडे विकली ऑफ (आठवड्याची सुट्टी) गुरुवारी असतो. आमचा रविवार गुरुवारी येतो. त्या दिवशी आम्ही दोघं एकत्र जेवतो."

आता आली का पंचाईत? गुरुवारी माझा उपास. किती वर्षं धरलाय ते तुम्हाला माहीतच आहे.

पहिल्या गुरुवारी अश्विनी सकाळीच म्हणाली, "आई, तुमचा उपास असतो ना. सगळ्यांनाच साबुदाण्याची खिचडी करते." आम्ही तिघं गोल बसलो. मी विचारलं, "तुला आवडते का गं खिचडी?"

"हो आई."

"आणि तुला रे?"

"एक नंबर," महेश म्हणाला, दोन घास खाल्ले आणि गाडीच्या चाकात हवा भरायला गेला. दीड तासाने बडीशेप चघळत आला.

दुसऱ्या गुरुवारी पुन्हा खिचडी, पुन्हा हवा, पुन्हा बडीशेप. मोटरसायकलला चाकं दोनच असतात हे मला तेव्हाही माहीत होतं, पण मुलगा आपला, म्हणून गप्प बसले.

माझं लक्ष सुनेवर होतं. ती काही केल्या बोलेना. मग मी उलट्या मार्गाला लागले. भाजीत मुद्दाम मीठ जास्त घातलं. "छान झालीय आई," म्हणाली आणि तीन ग्लास पाणी प्यायली. तिची चहाची डबी ओट्यावरून उचलून वरच्या फळीवर ठेवली. "बरं केलंत आई." परात गॅलरीच्या दारात आडवी ठेवली. ती रोज तिला अडखळायची आणि परातीलाच सॉरी म्हणायची.

आणि एकदा मी गॅलरीत तिला आईशी फोनवर बोलताना ऐकलं. तिचं माहेर चाकणजवळच्या गावात, जुनं शेतकरी घर. "व्हय गं... न्हाई, न्हाई... आमी काय करावं मंग?" असं बोलत होती आणि खदखदा हसत होती. मला बघताच फोन ठेवला. "काही हवंय का आई?" एकदम वर्तमानपत्रातली भाषा. मला फार लागलं. हसणारी अश्विनी घरात होती, फक्त माझ्यासाठी नव्हती.

तिसऱ्या गुरुवारी दुपारी एकच्या सुमाराला मी दत्ताच्या देवळात जायला निघाले. रहाटणीकडे दोनच थांबे पुढे. बरोबर स्टीलच्या डब्यात नैवेद्याचा शिरा. थांब्यावर माणसांची रांग होती आणि चार-पाच बायका, साड्या नेसलेल्या, हातात डबे. आपल्याकडे रांग दिसली की उभं राहायचं आणि गाडी आली की चढायचं. मी तेच केलं. ड्रायव्हरला विचारलं, "पुढं जाते ना?" तो म्हणाला, "जाते की." खोटं बोलला नाही. गाडी पुढेच गेली.

दोन थांबे गेले, चार गेले, गाडी थांबेना. तिकीट मागायलाही कुणी येईना. इथली बस किती चांगली, असं मनात आलं. मग मोशी आली, मग ट्रकच ट्रक आले आणि पाटीवर 'चाकण' दिसलं. शेजारच्या बाईला विचारलं, "बाई, देऊळ मागं राहिलं का?"

ती म्हणाली, "कसलं देऊळ? ही कंपनीची बस हाय, मावशी. तुमी नव्या पोळीवाल्या ना?"

तिचं नाव सुनीता. कंपनीच्या कॅन्टीनमध्ये पोळ्या लाटते, आणि बोलता बोलता निघाली जिंतूरची. जिल्ह्यातलं माणूस भेटल्यावर मी हरवलेय हेच विसरले. गेटवर सुरक्षा रक्षकाने सगळ्या पोळीवाल्यांना एकेक कार्ड दिलं, मलाही दिलं. आत गेल्यावर मुकादम म्हणाला, "नवीन का? डोक्याला टोपी घाला, हात धुवा." मी सांगायला लागले की अहो, मी देवळात निघाले होते. तो म्हणाला, "सगळ्या आधी तसंच म्हणतात," आणि माझ्यापुढे कणकेचा डोंगर ठेवून निघून गेला.

माझा फोन घरी चार्जिंगला. नंबर पाठ फक्त आपल्या गल्लीतल्या किराणावाल्याचा. मग आठवलं, पहिल्याच दिवशी अश्विनीने माझ्या बटव्यात तिच्या नंबराची चिठ्ठी घातली होती. तेव्हा मला राग आला होता. मी काय लहान लेकरू आहे का हरवायला, असं वाटलं होतं. आता सुनीताच्या फोनवरून तोच नंबर लावला आणि कुठे येऊन पडलेय ते सांगितलं.

"हो आई," अश्विनी म्हणाली. "तिथेच थांबा आई."

नुसतं काय थांबायचं? मी पोळ्या लाटल्या. चाळीसेक झाल्या असतील. मुकादम येऊन म्हणाला, "उद्यापासून कायम या." अगदी खोटं कशाला सांगू, बरं वाटलं.

साडेचारच्या सुमाराला गेटवरून बोलावणं आलं. अश्विनी स्कूटरवर आली होती. चेहरा धुळीने माखलेला, डोळे लाल. मी हसून म्हटलं, "आलीस?" आणि ती सुटली.

"कुटं गेल्ता तुमी? देऊळ हितं आन् तुमी चाकणला. रहाटणीपत्तूर पायी शोधत गेले मी. देवळात इचारलं, दवाखान्यात इचारलं. तुमाला काय झालं असतं म्हंजी? आन् डोक्याला ही टोपी कसली?"

"पोळ्या लाटत होते."

"पोळ्या? लेकाचं घर सोडून हितं येऊन पोळ्या? आन् माझी चहाची डबी कशापायी हलवली? रोज पाटंचं मला गावत न्हाई. मीठ किती घालता भाजीत? त्या परातीनं माझा अंगठा सुजलाय. आन् तीन गुरवार झालं नुसती खिचडी. आठवड्यातनं एकदा आमी दोघं संगं जेवतो, त्या दिशी मटण असतंय आमच्यात. तुमचा उपास म्हणून गप ऱ्हायले. ह्यो बाबा हवा भरतो म्हणून खानावळीत जाऊन रस्सा वरपतोय, आता बी फोन उचलत न्हाई, आन् मी खिचडी."

एवढं बोलून ती थांबली. रक्षक वहीत तोंड घालून बसला होता. अश्विनीने स्वतःचं तोंड हाताने झाकलं. "सॉरी आई," ती हळूच म्हणाली.

मी म्हटलं, "आता परत सॉरी म्हणालीस ना, तर आत जाऊन पुन्हा पोळ्या लाटायला बसेन." मला इतका आनंद झाला होता की डोळ्यांत पाणी आलं. "आणि ऐक. मलाही खिचडी आवडत नाही. परभणीत उपासाला मी भगर खाते. तुला वाईट वाटेल म्हणून तीन गुरुवार गिळली. मटण तर मला तुमच्याहून जास्त लागतं."

ती म्हणाली, "मंग उपास कशापायी धरलाय?"

"महेशला नोकरी लागावी म्हणून."

"लागली की."

"हो."

"कवा?"

"झाली अकरा वर्षं."

"आन् देवाला अजून सांगितलंच न्हाई व्हय?" असं म्हणून ती जी हसायला लागली ती स्कूटरला धरून खाली बसली. मीही बसले. नवस फेडायचा राहूनच गेला होता, बायांनो. मागितली नोकरी आणि देवाने सुट्टीही नेमकी उपासाच्या दिवशी दिली. रक्षक बाहेर येऊन म्हणाला, "ताई, मावशीचं कार्ड तेवढं जमा करा." नोकरी लागली, मग आता कसला उपास, म्हणत डब्यातला शिरा रक्षकासकट आम्ही तिघांनी तिथेच खाल्ला.

घरी पोचलो तर महेश दारात, बडीशेप चघळत. शर्टावर रश्श्याचा डाग. मी विचारलं, "मागच्या चाकात पण भरलीस का रे हवा?" अश्विनीने त्याच्याकडे असं पाहिलं की पुढचं मला काही बोलावं लागलं नाही.

चौथ्या गुरुवारी उपासाचं उद्यापन केलं. अश्विनी बरोबर आली होती, मला बसमध्ये बसू देईना. देवासमोर हात जोडून सांगितलं, नोकरी लागली, कळवायला अकरा वर्षं उशीर झाला, माफ कर. त्या दिवशी पुरणपोळी.

पाचव्या गुरुवारी मटण. सकाळपासून आम्ही दोघी भांडत होतो. मी म्हणाले खोबरं कमी घाल, ती म्हणाली आमच्यात असंच असतंय. मी चव बघायला डाव उचलला, तर म्हणाली, "तुमी बसा तिकडं. माझ्या पातेल्यात हात घालू नका." रस्सा झणझणीत झाला होता, खोबरं जास्तच होतं, आणि मी तसं तोंडावर सांगितलं. ती म्हणाली, "मंग दुसऱ्यांदा कशाला घेताय?" महेश मान खाली घालून जेवत होता. मी तीन भाकरी खाल्ल्या.

दुसऱ्या दिवशी परतीला निघाले. अश्विनीने सेकंड शिफ्टला जायच्या आधी मला नाशिक फाट्याला सोडलं. चहाची डबी मी जाण्यापूर्वी ओट्यावर परत ठेवली होती. बस सुटताना खिडकीशी येऊन म्हणाली, "पोचल्यावर फोन करा. चार्जिंगला लावून इसरू नका. आन् रांग दिसली की उभं ऱ्हायचं न्हाई."

"हो अश्विनी," मी म्हटलं.

आता मी बसमधून चार नग घेऊन उतरले हे तुम्ही सगळ्यांनी मोजलंच आहे, आणि परात कुठंय हे विचारून पुन्हा माझं डोकं खाणार आहात. परात सुनेकडे आहे. अंगठा सुजला तरी तिने ठेवून घेतली. मी निघताना मागितली होती, सरळ मागितली. ती म्हणाली, "न्हाई."