अर्धी राहिलेली झडती

बाबा पोळ्याच्या चालीवर बोलायचे. गाव हसायचं, आणि खरं सांगायचं तर मलाही लाज वाटायची.

महाराष्ट्र राज्य नवंनवं झालं होतं. खामगावच्या बाजारात कापूस घालून पिंपळगाव राजाला परतताना बाबा गाडीवरून डोक्यावर पडले. जीव वाचला, पण बोलणं गेलं. पाणी मागायला जात आणि नुसते ओठ हलत.

मग पोळा आला. आमच्याकडे त्या दिवशी तोरणाखाली सजलेल्या बैलांपुढे झडत्या म्हणतात, खड्या आवाजात, यमक जुळवून. बाबांचा त्यात हातखंडा. बाहेरून झडती ऐकू आली आणि ओसरीवरच्या बाबांनी पुढची ओळ अख्खी म्हटली. माय पुरणाचे हात तसेच घेऊन धावली. तिनं बरोबर हेरलं. त्याच चालीवर ती विचारी, "भाकर पाह्यजे का पानी?" बाबा त्याच चालीवर सांगत, "पानी." उन्हाळ्यापर्यंत अर्धीमुर्धी वाक्यं येऊ लागली. कुठल्या डॉक्टरनं सांगितलेलं नव्हतं हे.

त्याच उन्हाळ्यात धाकटे काका वारले. प्रेत अंगणात, गाव जमलेलं. बाबा काकूसमोर जाऊन उभे राहिले आणि पोळ्याची चाल धरली, "भाऊ माहा..." मागे कुणीतरी फिसकन हसलं. मी मॅट्रिक झालेला, चारचौघांत अब्रू सांभाळणारा. मी सरळ त्यांच्या तोंडावर हात ठेवला.

"बाबा, चूप राहा. लोक काय म्हनतीन?"

ते चूप राहिले. दुखवट्याचं वर्ष म्हणून घरात कुणी सूर काढला नाही, मायनंही नाही. वर्ष सरल्यावर तिनं चाल धरून पाहिली, पण बाबा भिंतीकडे बघत बसले. पुढे नऊ वर्षं जगले, मुकेच.

परवा नात सांगत होती, मेंदूला मार लागलेल्यांना आता दवाखान्यात गाण्यातून बोलायला शिकवतात म्हणे. मी हो म्हटलं आणि उठून अंगणात गेलो.

मोठ्या दिराशी भावजयीनं बोलायचं नाही, त्यानंही तिच्याशी नाही, ही आमच्याकडची जुनी रीत. काकू फार थकल्यावर एकदाच त्या दिवसाबद्दल बोलली.

"तुह्या बापाले बोलू द्याचं होतं रे. लग्न होऊन आली तवापासून ते माह्यासंग पह्यल्यांदाच बोलून राह्यले होते."