हादऱ्यात लावलेलं दार

बाबा आयुष्यभर बोटीवर होते आणि सारंग, म्हणजे खलाशांचे मुकादम, म्हणून निवृत्त होऊन घरी आले. आमचं मूळ घर पूर्णगडला, समुद्राच्या काठी. पण निवृत्तीनंतर त्यांनी नवं घर बांधलं ते आईच्या माहेरी, चिपळुणाच्या पूर्वेला, सह्याद्रीच्या अगदी पायथ्याशी. हट्ट आईचा होता. लग्न झाल्यापासून तिचे दिवस त्यांची वाट बघण्यात गेले होते. आता निदान आपल्या माणसांत, आपल्या डोंगराखाली दोघांनी एकत्र राहावं, एवढंच तिचं म्हणणं होतं. बाबांनी ते मानलं, कारण पाणी बघून बघून तेही कंटाळले होते. जमीन कशी, ठेवली तिथे राहते, असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत.

ती तशी राहत नाही हे त्यांना वास्तुशांतीच्या आधीच कळलं. ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट. घाटापलीकडे मोठं धरण, आणि त्या बाजूने अधूनमधून हादरे यायचे. गावाला त्याचं सोयरसुतक नव्हतं. फळीवरची भांडी वाजायला लागली की बायका हात लावून ती थांबवायच्या आणि अर्धवट राहिलेलं बोलणं पुरं करायच्या. बाबांचा चेहरा मात्र पांढराफटक पडायचा. मग जेवतानाही त्यांचं लक्ष फळीकडे.

मी तेव्हा कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकत होते, त्यामुळे धरणीमातेच्या प्रत्येक खोडीचा जाब मला. सुट्टीत आले की उलटतपासणी सुरू. मी सांगितलं, हिमालयाच्या पायथ्याशी जमिनीचा एक थर दुसऱ्यावर चढत चाललाय, आणि तेही इतकं अलीकडचं की नदीने आणून टाकलेल्या गोट्यांवर डोंगराचा जुना खडक येऊन बसलेला दिसतो. आपल्या सह्याद्रीचं तसं नाही. इथे कुणी कुणावर चढत नाही. खोलवर जुन्या भेगा आहेत, त्या मधूनच सरकतात. त्यांनी विचारलं, मग आपल्या घराखाली भेग आहे का? मी म्हटलं, कुणी बघितलेलं नाही. हे उत्तर त्यांना मुळीच सोसलं नाही. नकाशा नसलेल्या पाण्यात बोट घालायची नसते, म्हणाले. भेगेचं सोडा, भिंतींचं बघा, असं मी परोपरीने सांगत होते. घर जांभ्या चिऱ्यांचं, मातीत रचलेलं. कौलांखालची त्रिकोणी भिंत तर नुसती उभी, कशालाही न बांधलेली. पण मुलीचं शास्त्र आणि बापाचा अनुभव यांत कोण जिंकणार हे ठरलेलंच होतं.

त्यांनी घराची बोट केली. फळ्यांना पुढून पट्ट्या ठोकल्या, कपाट दोरीने खांबाला आवळलं, पाण्याच्या हंड्यालाही गाठ मारली. गाठी अशा की आईला पाणी काढायला त्यांनाच हाक मारावी लागे. लोक मुद्दाम बघायला येत आणि सारंग, नांगर कधी टाकताय, असं विचारत. आईही हसायची. मला एकदा हळूच म्हणाली, बांधू दे काय ते, हात गुंतले की माणूस घरात राहतं.

मोठा हादरा आला तो मे महिन्यात, दुपारी. मी अंगणात आंब्याची साठं वाळत घालत होते, आई माजघरात, बाबा ओटीवर. आधी जमिनीतून घरघर आली, मग पायाखालचं अंगणच हललं. मी ओरडले, बाहेर या. बाबा उठले, आणि बाहेर यायच्या ऐवजी आत पळाले. त्यांनी पुढचं दार आतून ढकलून लावलं, अडसर घातला, धावत जाऊन मागचंही लावलं. वादळ लागलं की बोटीवर आधी दारं बंद करतात, नाहीतर पाणी आत शिरतं. इतकी वर्षं अंगात मुरलेलं त्यांच्या हातांनी आपसूक केलं.

मग दुसरा धक्का बसला. त्रिकोणी भिंतीचा माथा ढासळून चिरे ओटीच्या कौलांवर आणि तिथून अंगणात आले. दारांच्या चौकटी तिरक्या झाल्या आणि दोन्ही दारं जाम बसली. बाबा अडसर काढून आतून दार ओढत होते, मी बाहेरून लाथा मारत होते. मोठ्या धक्क्यामागून आणखी येतात, हे तेवढं मला पक्कं ठाऊक होतं आणि त्याचा कुणाला काडीचा उपयोग नव्हता. शेजारी पहारी घेऊन धावत आले. त्यांनी खिडकीचे गज उपटले आणि आधी आईला, मग बाबांना बाहेर काढलं. आईचं कोपर सोललं होतं, बाकी देवाची कृपा.

बाबा सगळ्यांसमोर म्हणाले, हे घर विकायचं आणि उद्याच्या उद्या पूर्णगडला परत जायचं. त्यांनीच आईला कोंडलं होतं हे त्यांना कळत होतं, आणि तेच त्यांना सहन होत नव्हतं. मला त्यांची फार दया आली. आई पदराने कोपर पुसत होती. ती शांतपणे म्हणाली, “तुमी जावा. मी नाय यायची. वाट बगायची मला सवय हाय, आता हितनं बगीन.”

हे तिने आजवर एकदाही बोलून दाखवलं नव्हतं. शेजारी खाली बघायला लागले. बाबा पडलेल्या चिऱ्यांवर जाऊन बसले. मग त्यांनी एकाकडून पहार मागून घेतली आणि जाम बसलेलं पुढचं दार चौकटीसकट उचकटायला लागले. नवं दार बाहेर उघडणारं, आतून ढकललं की निघेल असं करायचं, एवढंच त्यांनी सांगितलं. आई त्यांच्या पायात येणारे चिरे एकेक करून बाजूला करत होती.