तिसावी गाठ

"महिन्याला तीस तोंडं असत्यात. पैल्यानं चार घास जास्त खाल्लं, की तिसावं उपाशी मरतं."

रंभावैनी दर पहिल्या तारखेला हे म्हणायची. समोर कुणी असो वा नसो. सुतळीला गाठी मारता मारता म्हणायची आणि शेवटच्या गाठीपाशी आली की तिचा आवाज खाली जायचा.

ती माझ्या चुलतभावाची, हैबतरावाची बायको. आमची घरं नांद्यात एकाच आळीला, मधे फक्त एक ओढा. पावसाळा सोडला तर त्यात घोट्याएवढं पाणी. आम्ही बाकीची माणसं जमिनीवर जगणारी. पिकलं की कणगी भरायची, सरलं की हात आखडायचा, एवढाच आमचा हिशेब. हैबतरावाच्या वाट्याला मात्र दोनच खाचरं आली होती. म्हणून लढाईच्या दिवसांत तो खडकीच्या कारखान्यात लागला आणि आमच्या आळीत पगारावर चालणारं पहिलं घर रंभावैनीचं झालं. पगार महिन्याचा, म्हणून बाजार महिन्याचा. महिना हे काय जनावर असतं हे तोवर आम्हाला ठाऊक नव्हतं. वैनीलाही नव्हतं.

पहिला पगार आला तेव्हा तिनं सगळ्या भावकीला जेवायला बोलावलं. नणंदा आल्या, त्यांची पोरं आली. पुरणाच्या पोळ्या, वर गुळवणी. "पगाराच्या पोळ्या हायेत, लाजू नका भावजी," असं म्हणत तिनं मला वाढलं. मी पाच खाल्ल्या. आकडा आजही आठवतो.

सव्वीस-सत्तावीस तारखेला तिच्या घरातलं धान्य संपलं. त्याच वेळी तिच्या गोजराला ताप भरला. पाच वर्षांची पोर, भाताची पेज मागत होती. पुढचे दोन-तीन दिवस वैनीनं धान्याचा मातीचा डेरा झाडून निघालेल्या कण्या शिजवल्या. तिसाव्या दिवशी झाडायलाही काही उरलं नाही.

त्या दिवशी दुपारी ती आमच्या दारात आली. ओसरीवर माझ्या सासुरवाडीची माणसं बसली होती. पदराखाली काहीतरी धरून ती उंबऱ्याशी थांबली. "धोंडाबाई हाय का?" तिनं विचारलं. धोंडाबाई म्हणजे माझी बायको. ती आतून ओरडली, "या की वैनी, काय हवं व्हतं?" वैनीनं पाहुण्यांकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. म्हणाली, "काय न्हाई. सहज आले व्हते." आणि वळली. वळताना पदर सरकला आणि अर्ध्या शेराच्या मापट्याचा लाकडी काठ मला दिसला. मी ते पाहिलं. आणि उठलो नाही.

दिवेलागणीला गोजरा गेली.

वैद्य म्हणाला, ताप विषारी होता, पेज पोटात गेली असती तरी पोर राहिली नसती. त्याचं खरंही असेल. पण वैनीला ते कधी पटलं नाही. आणि खरं सांगायचं तर मलाही नाही.

तेव्हापासून तिनं महिन्याला वेसण घातली. पहिल्या तारखेला सुतळीला तीस गाठी. सुतळी चुलीमागच्या खुंटीला. रोज सकाळी एक गाठ सोडायची आणि एक मापटं धान्य काढायचं, आज तांदूळ तर उद्या नाचणी. गाठ सोडल्याशिवाय धान्य नाही आणि धान्य काढल्यावर दुसऱ्यांदा डेऱ्यात हात नाही. पाहुणा आला तर आमटीत पाणी वाढायचं, मापटं नाही. डेऱ्यात वाकून बघायचंही नाही. धान्याकडं सारखं बघितलं की धान्य आटतं, असं आमच्याकडच्या बायका मानतात. वैनी तर तोंड फिरवूनच माप भरायची. तिची नजर असायची गाठींवर.

आणि माप भरायचं ते शिगेनं. काठाच्या वर धान्याचा जो शंकू उभा राहतो, ती शीग. त्या शिगेतली एक मूठ ती रोज बाजूला, एका गाडग्यात टाकायची. ते गाडगं गोजराचं. तीस दिवसांच्या तीस मुठी. तिसाव्या दिवशी त्यातल्या तांदळाचा मऊ भात व्हायचा आणि नाचणीची आंबील. एक पान उंबऱ्याशी ठेवलं जायचं आणि उरलेला भात आळीतल्या ज्या पोराला भूक असेल ते खायचं. एकोणीस वर्षं. तिसाव्या दिवशी त्या घरात भात नाही, असं झालं नाही.

पाहणाऱ्याला हसू यायचं. एकतीस दिवसांच्या महिन्याला ती 'सवतीचा महिना' म्हणायची. त्या जादा दिवशी ताकात कुस्करलेली शिळी भाकरी. फेब्रुवारीला म्हणायची 'माहेरचा महिना', कारण दोन गाठी उरायच्या. हुलग्याचं माडगं ती असं करायची की मूठभर पिठात चार माणसं उठायची. पावसात टाकळा, कुरडू, भारंगी. रानातलं फुकट मिळेल ते आधी आणि डेऱ्यातलं नंतर. "रान काय पगार मागत न्हाई," म्हणायची.

हैबतराव चेष्टा करायचा. "आमच्या घरात घड्याळ न्हाई, सुतळी हाय."

"घड्याळ पोट भरतं व्हय?" वैनी उलटून विचारायची.

तिच्या घराशी अंधार पडताना गेलं की कधी कधी वाटायचं, आत ती कुणाशी तरी बोलते आहे. "थांब गं. अजून बारा हायेत." असं काहीतरी. आम्ही खोकून आत जायचो.

पानशेत फुटलं त्याच्या पुढचा उन्हाळा. वैनीचा मुलगा जयसिंग बापाबरोबर खडकीलाच कामाला होता. दोघं तिथंच खोली करून राहायचे आणि पगार घेऊन पहिल्या तारखेला यायचे. घरी वैनी आणि सून रत्ना. रत्ना नेरे गावची, सहावा महिना लागलेला.

एप्रिलच्या पहिल्या तारखेला मी नेहमीसारखी गाडी जुंपली आणि वैनीला पौडाला बाजाराला नेलं. तिचं दुकान ठरलेलं, कमरुद्दीनचं. त्या दिवशी पाहतो तर त्याच्या फळीवरचं शेर, मापटं, चिपटं सगळं गायब. तिथं लोखंडी तराजू आणि नवी कोरी वजनं.

"माप कुटं गेलं?" वैनीनं विचारलं.

"सरकारनं बंद केलं, अक्का. आता सगळा किलो. मापानं दिलं तर दंड पडतोय."

"मंग साडेसात शेराला साडेसात किलो दे. तांदळाचंबी, नाचणीचंबी."

"तसं न्हाई व्हत," कमरुद्दीन म्हणाला. "तुमी शिगेनं घेता. किलोला शीग नसती. एकेक किलो वाढवून न्या."

"एकुणीस वर्सं घर चालवतीया मी. तू मला जास्तीचं गळ्यात घालाय लागलास व्हय?"

"माझं काय जातंय? तुमचाच हिशेब म्हणून सांगितलं."

"माझा हिशेब मला ठाव हाय. काट्यात टाक."

कमरुद्दीन माझ्याकडं पाहून गालात हसला. मीही हसलो. काटा सरळ झाला, त्यानं पोत्यांची तोंडं बांधली. परत येताना सूसच्या डोंगरावर ऊन उतरत होतं. मधेच तिनं विचारलं, "भावजी, शीग नसली तर पोरीची मूठ कशातनं काढायची?"

मी म्हणालो, "काढा की मापातनं. कुठं फरक पडतोय."

मी असं म्हणालो. तेही मला आठवतं.

आणि तिनं काढली. घरी माप जुनंच होतं, लाकडी. ते ती शिगेनंच भरत राहिली, मूठ टाकत राहिली आणि रिवाजाप्रमाणे डेऱ्यात बघितलं नाही. सत्तावीस तारखेला सकाळी गाठ सोडून तिनं तांदळाच्या डेऱ्यात हात घातला तेव्हा मापट्याचा काठ तळाच्या मातीवर घासला. कसंबसं तेवढंच भरलं. नाचणीचा डेरा आदल्या दिवशीच रिकामा झाला होता. सुतळीवर तीन गाठी शिल्लक होत्या.

पुढचं आम्हाला रत्नानं नंतर सांगितलं. सासू दिवसभर त्या तीन गाठींसमोर बसून होती. रत्ना म्हणाली, "आत्याबाई, पलीकडनं कुशामामंजींच्यातनं आणते मी." कुशामामंजी म्हणजे मी. तर तिचा हात धरून म्हणाली, "त्या दाराला जायाचं न्हाई. तिथनं मी एकदा रिकामी आलीया." अठ्ठावीसला तिनं गोजराचं गाडगं पुढं ओढलं. त्याच्यावर हात ठेवून हळू आवाजात म्हणाली, "गोजरे, ही तुजी भावजय हाय. दे तिला. रुसू नगं." मग थोडा वेळ कान देऊन थांबली, जणू कुणी कुरकुरत होतं. "मी बघते तुजं, व्हय," असं म्हणाली आणि गाडगं उघडलं. दोन दिवस तिनं त्या मुठी सुनेला शिजवून घातल्या. स्वतः वरची निवळ प्यायली.

तिसाव्या दिवशी सकाळी रत्नाचं अंग कढत लागलं.

दुपारची वेळ. मी ओसरीवर दावं वळत बसलो होतो. धोंडाबाई आत तांदूळ पाखडत होती. पावलांचा आवाज आला म्हणून मान वर केली, तर उंबऱ्याशी रंभावैनी. हात पदराखाली. एकोणीस वर्षांपूर्वी जिथं उभी राहिली होती, त्याच दगडावर. केस पांढरे झाले होते, एवढंच.

माझ्या हातातलं दावं सुटलं.

"धोंडाबाई हाय का?" तिनं विचारलं. शब्द तेच.

"हाय," मी म्हणालो आणि या खेपेला उठलो. "या वैनी. काय हवं?"

 तिचे ओठ हलत होते. मला वाटलं आता म्हणेल, काय न्हाई, सहज आले व्हते. मी तिच्या पदराकडं पाहत राहिलो.  ती वळली असती तर तिला अडवायला माझ्याकडं तोंड नव्हतं.

मग तिनं पदर बाजूला केला. मापटं पुढं धरलं.

"रिकामं हाय, भावजी," ती म्हणाली. "सुनंला ताप हाय. पेजंला द्या."

धोंडाबाई सूप घेऊन बाहेर आली. तिनं मापटं भरलं, वर शीग चढवली, इतकी की दाणे काठावरून ओघळायला लागले. वैनीनं शिगेवर तळवा धरला.

"पायली घेऊन जा की," मी म्हणालो. "मी पोचवतो. रत्नाला बघतोबी."

"न्हाई. आजची एकच गाठ उरलीया. आणि आज मला जाऊ द्या एकटीला. तुमी मागनं या." असं म्हणून ती थांबली. तिनं शिगेकडं पाहिलं. "ही तिची हाय," ती म्हणाली. आणि निघाली.

उन्हात वाट पांढरी पडली होती. उजव्या हातात छातीशी मापटं. डावा हात खाली, अंगापासून जरा लांब, बोटं अर्धी मिटलेली. ती सावकाश चालली होती, तिच्या नेहमीच्या चालीच्या निम्म्यानं, आणि वाटेची सावलीकडची बाजू मोकळी सोडून. ओढ्याशी आल्यावर ती पहिल्या दगडावर पाय ठेवून थांबली. डावा हात जरासा वर उचलला. पुढच्या दगडावर गेली, पुन्हा थांबली, मागं वळून खाली पाहिलं, कंबरेच्याही खाली.

धोंडाबाई माझ्या मागं दारात उभी होती.

"अवं," ती हळूच म्हणाली, "कुनाचा हात धरलाय तिनं?"

 पलीकडच्या काठावर वैनी चढली, आधी हात वर ओढला, मग स्वतः. तिच्या घराच्या दारात दिसेनाशी होईपर्यंत आम्ही दोघं बघत होतो. वाटेवर नंतर मी पाहिलं, एक दाणा सांडलेला नव्हता.