बारशाचा फोटो आणि माझी हजेरीवही

माझा कोणावरही चटकन विश्वास बसत नाही, आणि त्यामुळे माझं आजवर काहीही बिघडलेलं नाही. एक आठवडा सोडून.

तो आठवडा सुरतेतला, नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हाचा. आम्ही मूळचे अमळनेरचे. मी उधन्यातल्या मराठी शाळेत बाई, सकाळची शाळा. हे (म्हणजे माझे यजमान) एका मिलच्या ऑफिसात. घरात सासूबाई, आणि हॉलच्या कोपऱ्यात कॉम्प्युटर. सोसायटीतले लोक तो बघायला यायचे आणि न बोलावता चहा पिऊन जायचे!

माझा दादा अमेरिकेत. लग्नाला नऊ वर्षं झाल्यावर त्याला मुलगी झाली. फोनवर ते कळलं तेव्हा मी रडले, सासूबाई रडल्या, शेजारच्या कोकिळाबेन आम्ही का रडतोय ते न विचारताच रडल्या. बारसं रविवारी होतं. आमच्यात नाव ठेवते ती आत्या! आता आत्या सुरतेत आणि पाळणा सातासमुद्रापार. मग असं ठरलं की नाव मी कळवायचं आणि दादाने माझ्या वतीने ते बाळाच्या कानात सांगायचं.

"पण तोंड पाहिल्याशिवाय मी नाव ठेवणार नाही," मी फोनवर ठणकावलं.

"बरं बाई, फोटो ई-मेलने पाठवतो. शनिवार संध्याकाळपर्यंत नाव कळव. नाही तर हिची आई इथे आहेच, ती ठेवेल."

हिची आई! म्हणजे वहिनीची आई. बाळंतपणासाठी आधीच तिथे जाऊन बसलेली. माझ्या मनात पहिली पाल चुकचुकली ती तिथे.

आणि नेमका त्याच सोमवारी ह्यांना उत्साह आला. कॉम्प्युटरमधली पंच्याण्णवची सिस्टिम काढून ह्यांनी अठ्ठ्याण्णवची टाकली.

"अहो, पण जुनी चांगली चालत होती ना?"

"अगं, ही जास्त वेगात चालते!"

ती इतक्या वेगात चालली की इंटरनेट मागेच राहिलं. नव्या सिस्टिमला आमचा जुना मोडेम ओळखताच येईना. (ओळख पटल्याशिवाय कोणाला घरात घेऊ नये हे माझंच तत्त्व, पण वेळ चुकली होती.)

ह्यांनी जिग्नेशभाईंना बोलावलं. जिग्नेशभाई म्हणजे उधन्यातले कॉम्प्युटर दुरुस्त करणारे, माझ्याच वयाचे, शर्टाच्या खिशात सतत चार फ्लॉप्या. त्यांनी कॉम्प्युटरचा डबा उघडला. मी ऐकून होते की हे लोक आतला चांगला माल काढून घेतात आणि रद्दी बसवतात. म्हणून मी बॅटरी घेऊन शेजारीच बसले.

"बेन, मला उजेड नको, ट्यूबलाइट आहे."

"तुम्हाला नको असेल. मला हवाय."

डबा बंद करताना एक स्क्रू कमी भरला. मी उभी राहून विचारलं, "गेला कुठे?" जिग्नेशभाईंनी बिचाऱ्यांनी खिसे उलटे करून दाखवले. स्क्रू माझ्या चपलेखाली सापडला. तिथे तो कसा आला, याचा खुलासा त्यांना शेवटपर्यंत करता आला नाही.

मोडेम मात्र कुईं-कुईं करून बोलू लागला. दादाची मेल उघडली. फोटोच्या जागी एक रिकामा चौकोन, आणि त्यात लाल फुली!

"बघा," मी म्हणाले. "वहिनीने फुली पाठवली."

"अगं, फुली कशाला पाठवेल?"

"शनिवार उलटून जावा म्हणून! मग तिची आई मोकळी!"

जिग्नेशभाई म्हणाले, "ना बेन. फोटो आहे, हा उघडत नाही. अपडेट करवूं पडशे." अपडेट म्हणजे काहीतरी फोनच्या तारेतून उतरवून घ्यायचं होतं. त्याला लागणार होता पाऊण तास, आणि तेवढा वेळ फोनला कोणी हात लावायचा नव्हता. "वच्चे लाईन कपाई, तो फरी एकडे एकथी!" मधे लाईन तुटली, की पुन्हा पहिल्यापासून.

मी लगेच सूत्रं हाती घेतली. हॉलमधल्या फोनवर चिठ्ठी चिकटवली: 'उचलू नये. हुकमावरून.' कोकिळाबेनचे फोन आमच्याकडे यायचे, तसे अर्ध्या सोसायटीचेच यायचे. त्यांना जाऊन सांगितलं, "शनिवारपर्यंत तुमचा फोन बंद."

"पण मारा भाईनो फोन आववानो छे!"

"माझ्याही भावाचाच प्रश्न आहे."

मंगळवारी दुपारी ह्यांनी अर्धी रजा टाकून अपडेट लावलं. वीस टक्के झाले, चाळीस झाले, सत्तर झाले. लाईन तुटली!

आता वर्गात खडू चोरीला गेला तर शिक्षक काय करतो? हजेरी घेतो. मी शाळेतून आणलेली कोरी हजेरीवही काढली आणि नावं लिहिली. क्रमांक एक: हे. दोन: सासूबाई. तीन: कोकिळाबेन. चार: जिग्नेशभाई. लाईन तुटली तेव्हा कोण घरात होतं, कोण नव्हतं, हे रोज मांडायचं. मग चोर आपोआप उघडा पडतो, हा माझा अठरा वर्षांचा अनुभव.

बुधवारी बावन्न टक्क्यांना तुटली. त्या दिवशी कोकिळाबेन खमण घेऊन आल्या होत्या. खमण? आणि नेमकं बुधवारी? मी ते खाल्लं, पण वहीत त्यांच्यापुढे 'हजर' लिहून खाली रेघ मारली. गुरुवारी त्यांना आतच घेतलं नाही, तरी साठ टक्क्यांना तुटली. म्हणजे ह्यांचं काम! हे दर पाच मिनिटांनी माऊस हलवत होते.

"अगं, मी नुसतं बघतोय."

"बघायला हात कशाला लागतात?"

शुक्रवारी ह्यांना मी खुर्चीसकट गॅलरीत बसवलं, सासूबाईंना जपमाळ देऊन देवघरात बसवलं, दाराला कडी घातली. आणि मी स्वतः माझी खास तपासणी चालू ठेवली. त्याचं असं की स्वयंपाकघरात डाळीच्या डब्यामागे एक दुसरा फोन होता, त्याच लाईनीवरचा. तो काढून टाकला असं मी घरात दोन वर्षांपूर्वीच सांगितलं होतं. (कोकिळाबेन आमच्या फोनवरून आमच्याबद्दल काय बोलतात हे कोणीतरी ऐकायला नको का?) तर अपडेट चालू असताना मी तिथे जायची, तोंडावर पदर धरून, आवाज न करता रिसीव्हर कानाला लावायची. लाईनवर कोणी चोरून बोलत नाही ना, एवढंच बघायला. दर वेळी कानात एक भयंकर खरखर यायची आणि तेवढ्यात बाहेरून हे ओरडायचे, "गेली! लाईन गेली!" म्हणजे मी दर वेळी चोराच्या अगदी जवळ पोचत होते, आणि दर वेळी तो निसटत होता!

शुक्रवारचे एक्क्याण्णव टक्के गेले तेव्हा मात्र मला खरंच रडू फुटलं. नऊ वर्षांनी घरात पोर आली, आणि तिचं तोंडसुद्धा मला दिसू नये? तिथे कोणी परकी बाई तिच्या कानात कुर्र करणार आणि मी इथे फुलीकडे बघत बसणार!

शनिवारी दुपारी मी सगळ्यांना हॉलमध्ये बोलावलं. जिग्नेशभाईंना दुकान बंद करून यायला लावलं. कोकिळाबेन पदर सावरून बसल्या. मी वही उघडली आणि वर्गात वाचते तशी वाचली.

"मंगळवार. हे हजर, सासूबाई हजर, कोकिळाबेन गैरहजर, जिग्नेशभाई गैरहजर. बुधवार. हे हजर, सासूबाई देवळात, कोकिळाबेन हजर, जिग्नेशभाई गैरहजर. गुरुवार. हे हजर, सासूबाई हजर, बाकी गैरहजर. शुक्रवार. हे गॅलरीत, सासूबाई देवघरात, बाकी गैरहजर. तर चारही दिवस त्या फोनजवळ कोण होतं? बऱ्या बोलानं सांगा!"

हे छताकडे बघत होते. मग इतके दिवस गप्प राहिलेल्या सासूबाईंनी जपमाळ खाली ठेवली. त्या आमच्याशी अहिराणीतच बोलायच्या.

"आन तुनं नाव कोठे शे?"

"माझं?"

"हां. तू नव्हती का घरमा?"

मी वही पाहिली. खरंच नव्हतं. अहो, हजेरीत बाईंचं नाव कधी असतं का? अठरा वर्षांत मी एकदाही स्वतःला हाक मारलेली नाही!

जिग्नेशभाई हळूच म्हणाले, "बेन, घरमां बीजो फोन छे?"

"नाही," हे म्हणाले. "दोन वर्षांपूर्वी काढला."

"मग ही तार आत कुठे जाते?"

ते तारेच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेले. डाळीचा डबा सरकल्याचा आवाज आला. मी खिडकीबाहेर बघू लागले.

"मी उचलत नव्हते," मी म्हणाले. "तपासत होते."

कोकिळाबेननी फोनकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि दोन वर्षांत त्या काय काय बोलल्या असतील ते आठवू लागल्या. त्यांचा चेहरा उतरला. माझा तर उतरायला उरलाच नव्हता.

जिग्नेशभाईंनी डब्यामागची तार सोडवली आणि अपडेट लावलं. मला खुर्चीत बसवलं गेलं. कोकिळाबेननी माझे दोन्ही हात धरले. प्रेमाने, असं त्या म्हणाल्या. नव्वद टक्के झाले, पंच्याण्णव झाले, शंभर झाले! ह्यांनी मेल उघडली, आणि फुलीच्या जागी वरून एकेक पट्टी उतरू लागली. आधी काळंभोर जावळ. मग कपाळ, त्यावर आठी. मग डोळे, एक उघडा आणि एक बारीक केलेला, समोरच्यावर रोखलेला.

"वं माय!" सासूबाई म्हणाल्या. "हाई ते तूच!"

फोटोवरच तळाशी वहिनीने हाताने लिहिलं होतं, म्हणून तेही इतके दिवस फुलीमागे अडकलं होतं: 'ताई, ही जन्मल्यापासून नर्सकडेसुद्धा अशीच बघते. माझ्या आईला तर हात लावू देत नाही. आत्याशिवाय हिचं नाव कोण ठेवणार? तुमची वाट बघतोय.'

मी पुन्हा रडले. आठवडाभर त्या मायलेकींबद्दल मी काय काय बोलले होते! डोळे पुसून मी नाव कळवलं: श्रद्धा. म्हटलं, घराण्यात एकीचा तरी कोणावर विश्वास बसू दे.

अर्ध्या तासात वहिनीचं उत्तर आलं. 'नाव फार आवडलं. आईलाही.'

आईलाही? इतक्या लगेच? एका शब्दाचीही कुरकुर नाही?

मी हजेरीवहीचं नवं पान उघडलं. या वेळी पहिलं नाव माझं लिहिलं, पुढे 'हजर' लिहिलं. आणि दुसऱ्या क्रमांकावर वहिनीच्या आईचं.