अव्वाचा डावा हात

केराबाईचं घर गल्लीत सगळ्यात शेवटचं, आणि ख्रिस्ती असं तेवढं एकच. नळावर तिची घागर शेवटी लागायची. त्याबद्दल कुणी कधी काही बोलायचं नाही, तीही नाही. नवरा जाऊन सहा वर्षं झाली होती, मुलगी बार्शीला दिलेली. सकाळी नऊला ती मिशनच्या बालवाडीत जायची, मुलांची नाकं पुसायची, त्यांना भरवायची आणि एक वाजता परत यायची.

त्र्याहत्तर साली समोरच्या ईरम्माला लकवा झाला. डावं अंग गेलं. सगळी गल्ली तिला अव्वा म्हणायची. मुलगा चन्नवीर दिवसभर किराणा दुकानात, सून हेमावती बाळंतपणाला माहेरी गेलेली. एका दुपारी केराबाईला कण्हणं ऐकू आलं. दार नुसतं लोटलेलं होतं. आत अव्वा बाजेवरून खाली पडली होती, लुगडं ओलं, तोंडाला माती लागलेली. केराबाई उंबऱ्याशी क्षणभर थांबली. त्या घराचा उंबरा तिनं कधी ओलांडला नव्हता. मग आत गेली, अव्वाला उचलून बाजेवर घेतलं, अंग पुसलं, कोरडं लुगडं नेसवलं. अव्वानं तोंड भिंतीकडे केलं होतं. सगळं झाल्यावर तिनं कन्नडमधून एवढंच विचारलं, की तुझं माहेर कुठलं. केराबाईचं माहेर अक्कलकोटच्या पलीकडचं. तिनं कन्नडमधूनच उत्तर दिलं, तेव्हा अव्वानं मान वळवून तिच्याकडे बघितलं.

दुसऱ्या दिवशी चन्नवीर स्वतः तिच्या दारात आला, आणि तेव्हापासून ती रोज जाऊ लागली. त्यानं एकदा पगाराचं काढलं, ती नको म्हणाली. तिला वाचता येत नव्हतं. नवरा होता तोवर रोज संध्याकाळी शास्त्र वाचून दाखवायचा. प्रभूनं कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतले, तो भाग ती त्याला पुन्हा पुन्हा वाचायला लावायची. अव्वाचं अंग पुसताना ती काही फार विचार करत नसे. प्रभूनं केलं ते आपण करायचं, एवढंच तिला ठाऊक होतं. अव्वापुढं तिनं देवाधर्माची गोष्ट कधी काढली नाही.

हेमावती तान्हं बाळ घेऊन परत आली तरी केराबाईचं येणं सुटलं नाही. पहाटे सहाला आंघोळ घालायची, दुपारी भरवायचं, कूस बदलून द्यायची. दोघी कन्नडमध्ये बोलत बसायच्या. माहेरच्या विहिरी, लहानपणीच्या जत्रा, मेलेली भावंडं. कुणापाशी न काढलेलं बरंच काही अव्वा तिच्यापाशी काढायची.

एक गोष्ट मात्र अव्वाला खात होती. गळ्यातल्या डबीतलं लिंग डाव्या तळहातावर घेऊन रोज पूजा करायची, हा तिचा लहानपणापासूनचा नेम. आता तो हात उचलतच नव्हता. हेमावती आठ-दहा दिवस हाताला आधार द्यायला बसली, पण बाळ रडलं की तिला उठावं लागायचं आणि पूजा अर्ध्यावर राहायची. एका पहाटे आंघोळ झाल्यावर अव्वा कन्नडमधून म्हणाली,

"केरा, माजा हात खालनं धर."

केराबाई घाबरली. "अव्वा, माजा हात चालंल व्हय?"

"धर म्हनते की."

तिनं अव्वाच्या तळहाताखाली आपला तळहात लावला. अव्वानं उजव्या हातानं पाणी घातलं, भस्म लावलं, बेलाचं पान ठेवलं. तेवढा वेळ केराबाई डोळे मिटून मनात आपली प्रार्थना म्हणत राहिली. दोन वर्षं हे रोज चाललं. आपल्याला कुणी एवढं जवळ केलं, याचं तिला मनातून फार अप्रूप होतं. बालवाडीकडे जाताना ती पावलं जरा हलकी टाकायची.

पंच्याहत्तरच्या दिवाळीनंतर एका सकाळी अव्वाचे थोरले भाऊ रुद्रप्पा अक्कलकोटहून पहिल्या गाडीनं आले. सोबत दोन नातेवाईक बायका. ते थेट आतच आले. अव्वा भिंतीला टेकून बसलेली, हातावर लिंग, आणि त्या हाताखाली केराबाईचा हात.

रुद्रप्पांनी विचारलं, ही कोण?

हेमावती स्वयंपाकघराच्या दारात आली आणि तिथंच थबकली. केराबाईनं अव्वाकडे बघितलं. तिला वाटलं, अव्वा आता सांगेल. पुरतं नाही सांगणार, पण काहीतरी सांगेल.

अव्वा कन्नडमध्ये बोलली. लकव्यानं जीभ जड झालेली, तरी शब्द अगदी नीट आले. म्हणाली, ही पगारी बाई आहे, झाडलोट करते. आज सून आत होती तेवढ्यात स्वतःहूनच पुढं झाली आणि माझा हात धरला. मी नको म्हणत होते.

केराबाईला प्रत्येक शब्द कळत होता, आणि तो तिला कळतो हे अव्वाला माहीत होतं.

तिनं हात एकदम काढला नाही. काढला असता तर लिंग खाली पडलं असतं. हेमावतीनं येऊन खालून हात लावेपर्यंत ती तशीच बसून राहिली, मग उठून बाहेर आली. मागे रुद्रप्पा शांतपणे सांगत होते, खोली धुऊन घ्या. ओट्यावर चन्नवीर भेटला. तो तिच्या पायांकडे बघत म्हणाला, "मावशी, मामा जाईस्तवर येऊ नका."

संध्याकाळी हेमावती एक जुनं लुगडं घेऊन आली. मामांनी कामाच्या बाईला द्यायला सांगितलं, असं ती कसंबसं म्हणाली आणि रडायला लागली. केराबाईनं लुगडं परत पाठवलं.

सहा दिवस ती गेली नाही. पहाटे सहाला उठायची आणि चुलीपुढं नुसती बसून राहायची. पगारी म्हटल्याचं तिला एवढं लागलं नव्हतं. घाबरलेला माणूस तेवढं बोलून जातो. पण आपण जबरदस्तीनं हात धरला, हे वाक्य तिला गिळता येईना. ज्या माणसाचं सगळं अंग आपण रोज धुतलं, त्यानं आपल्याला चोर ठरवलं. प्रार्थनेला बसली तरी तोंडातून शब्द फुटत नव्हता.

सातव्या दिवशी पाहुणे गेले. दुपारी हेमावती आली. पडून राहून अव्वाच्या पाठीला जखम झाली होती आणि ती फुटली होती, त्या आठवड्यात नीट कूस कुणी बदललीच नव्हती. केराबाईनं चूल पेटवली. मग पाणी तापवलं, स्वच्छ फडकी घेतली आणि गेली.

तिला बघताच अव्वाच्या डोळ्यांतून धारा लागल्या. ती कन्नडमध्ये सांगू लागली, भावापुढं काय बोलू, लेकराबाळांना वाळीत टाकलं असतं, मी म्हातारी...

केराबाईनं तिला मध्येच थांबवलं, ते मराठीत. "पयल्यांदा हात कुनी मागितला, अव्वा?"

अव्वानं तोंड भिंतीकडे वळवलं.

"मला नगा सांगू. तुमाला ठावं हाय, तेवढंच लई झालं."

तिनं जखम धुतली, पू काढला, पट्टी बांधली. निघताना हेमावतीला म्हणाली, "सकाळी पूजेला हात आता तुमी धरा. मी बाळाला घेते."

त्यानंतर दीड वर्ष अव्वा जगली. केराबाई एक दिवसही चुकली नाही. पाठ पुसली, भरवलं, कूस बदलली. पण कन्नडमध्ये ती पुन्हा बोलली नाही. अव्वा कधी माहेरच्या विहिरीचं काढायची, तेव्हा ही नुसतं हूं म्हणायची. अव्वा गेली त्या दिवशी माणसांनी घर भरलं होतं. केराबाई आपल्या ओट्यावर उभी राहिली, कुणी आत ये म्हटलं नाही.

पुढं एका रविवारी चर्चचे पाळकसाहेब तिला म्हणाले, की शत्रूलाही क्षमा करून सेवा कशी करावी, याचं तुमचं उदाहरण मंडळीला सांगावं म्हणतो.

"नगा सांगू," ती म्हणाली. "मी क्षमा केली न्हाय अजून. रोज मागते, येत न्हाय. तिची पाठ सडत होती म्हनून जात होते."

केराबाईनं पदर सावरला आणि घरची वाट धरली. हेमावतीच्या पोराला चार दिवस ताप होता, त्याच्या उशाशी बसायचं होतं, आणि दुकान सोडून चन्नवीरला हलता येत नव्हतं.