शिमग्यातले जपानी

तात्या गेल्याचा निरोप चौक गावी आमच्या गॅरेजशेजारच्या ढाब्यावर फोनने आला. मिस्टरांनी हातातलं काम तसंच टाकलं आणि आम्ही माझ्या माहेरी, दहिवलीला निघालो. त्याला आता महिना होऊन गेला, तरी लिहायला बसले की आधी डोळ्यांपुढे येतं ते त्यांचं सोंग.

तात्या माझे धाकटे चुलते. दुसऱ्या महायुद्धाची लढाई संपल्यावर त्यांची पलटण काही महिने जपानात पहाऱ्याला होती. परतताना बरोबरच्या शिपायांनी घड्याळं आणली, रेशीम आणलं. तात्यांनी आणली एक लाकडी पेटी. तिला पुढून दोन छोटी दारं आणि आत रंगीत चित्रांचे जाड पुठ्ठे. तिकडे म्हणे एक माणूस सायकलवर अशी पेटी बांधून गल्लोगल्ली फिरायचा आणि एकेक चित्र सरकवत पोरांना गोष्ट सांगायचा. त्याच्याकडूनच तात्यांनी ती मागून घेतली होती. बर्फात वाट चुकलेली एक मुलगी, तिला भेटलेलं माकड, लाकडी पूल... शेवटचं चित्र हरवलेलं. भाषा येत नसल्यामुळे तात्या गोष्ट मनानेच रचत आणि शेवट दर वेळी वेगळा करत. त्यांचं माकड तर अस्सल दहिवलीचं बोलायचं. भात झोडून झालं की खळ्यावर आम्ही सगळी भावंडं त्या पेटीपुढे बसायचो.

काकूला हे आधी पोरखेळ वाटे. पण चित्रांतले कपडे तिच्या मनात भरले. जुनी लुगडी फाडून तिने आम्हा सगळ्यांना रुंद बाह्यांचे झगे शिवले आणि कमरेला काठांचे पट्टे केले. त्या शिमग्याला कुणी वाघ झालं, कुणी राक्षस झालं. आमचं घर मात्र जपानी होऊन निघालं. दारोदार आम्ही कमरेतून वाकून नमस्कार करायचो आणि लोक पोट धरून हसायचे.

गावातल्या म्हाताऱ्या सोनाबाईच्या अंगणात मात्र कुणी हसलं नाही. हे कसलं सोंग, असं तिने विचारलं. जपानी, असं कुणीतरी म्हणालं. ती आत गेली आणि तिने दार लावून घेतलं. तिचा एकुलता एक मुलगा ब्रह्मदेशात जपान्यांशी लढताना गेला होता. आम्हा पोरांना ते ठाऊक नव्हतं. तात्यांना ठाऊक होतं, पण उत्साहाच्या भरात ते विसरले होते.

तात्यांनी आम्हाला घरी पाठवलं आणि ते तिच्या ओट्यावर बसून राहिले. काकू तेवढी त्यांच्याबरोबर थांबली. पुढचं तिनेच मला सांगितलं. बऱ्याच वेळाने दार उघडलं.

"माज्या पोराला मारलं त्यांचे कपडे तू पोरांना घालतोस रं?"

"चुकलंच माजं, मावशे."

मग तात्यांनी तिला आजवर कुणालाच न सांगितलेली गोष्ट सांगितली. ते पहाऱ्याला होते त्या स्टेशनवर एक म्हातारी रोज भाताची पुरचुंडी घेऊन यायची. लढाईवरून परतणाऱ्यांची गाडी रिकामी होईपर्यंत थांबायची. मग तात्यांना, परक्या शिपायाला, वाकून नमस्कार करायची आणि घरी जायची.

सोनाबाई उंबऱ्यावर येऊन बसली. मग म्हणाली, "आला का रं तिचा?"

"मी व्हतो तवर तरी नाय आला."

दुसऱ्या दिवशी तिने पेटी घेऊन यायला सांगितलं. तात्यांनी तिच्या अंगणात चित्रं सरकवली. शेवटच्या पुठ्ठ्याची जागा आली, तेव्हा त्यांनी नेहमीसारखा राजा आणला नाही की जत्रा भरवली नाही. पोरीच्या आईने दिवा विझू दिला नाही, एवढंच सांगितलं आणि पेटीची दारं लावली. पुढच्या शिमग्याला सोनाबाई आपणहून आमच्या घरी आली आणि माझ्या कमरेचा पट्टा तिने स्वतः बांधला.

दोन वर्षांपूर्वी मिस्टरांनी दहिवलीला भाड्याने व्हीसीआर आणला. साजगावच्या कारखान्यातल्या एका ओळखीच्याने जपानी कार्टूनची कॅसेट दिली होती. तात्या पुढे सरकून बसले. "चित्रं चालाय लागली गं," काकूला हळूच म्हणाले. थोड्या वेळाने त्यांनी स्वतःच गोष्ट सांगायला सुरुवात केली. नातवंडांनी उठून टीव्हीचा आवाज बंद केला.

तेराव्याला घर माणसांनी भरलं होतं. जेवणं झाल्यावर मी बाहेर आले तर काकू उंबऱ्यापाशी वाकलेली. पाहुण्यांच्या चपला ती जोडीजोडीने बाहेर तोंड करून लावत होती, म्हणजे निघणाऱ्याला वळावं लागत नाही. ही जपानातली रीत, आणि इतकी वर्षं हे काम तात्यांचं. मी मदतीला वाकले, तशी तिने मला हाताने थांबवलं.

ओळीच्या टोकाला तात्यांच्या वहाणा होत्या. त्याही तिने बाहेर तोंड करून ठेवल्या होत्या.